ईदी मोहम्मदची दोन गिऱ्हाइकं

"पुन्यांदा बिघडली व्हय जवारी?" शब्बीर मेस्त्रींनी विचारलं आणि सतारीकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काय करायचं मेस्त्री, नशीबच तसलं."

"नशिबाला कशाला बोल लावतासा? सा आठवड्यांत ही अकरावी खेप. आमच्या चार पिढ्या ह्या गल्लीत सतारी करण्यात गेल्या, पन असली आजारी सतार न्हाई बघितली बाबा."

आतल्या बाजूला मांडी घालून बसलेला ईदी मोहम्मद हसला. हातातलं काम त्यानं बाजूला ठेवलं, माझी सतार मांडीवर घेतली, तार छेडली आणि कान जवळ नेला. मग माझ्याकडं एकवार बघून म्हणाला, "बसा चौगुलेभाई. होऊन जाईल. आधी चहा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सतारीच्या तारा एका हाडाच्या घोडीवरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं केसभर घासून असा काही उतरता करतात, की तार नुसती वाजत नाही, झंकारते. तीच जवारी. मिरजेतले कारागीर त्यासाठी नावाजलेले. एकदा नीट लावली की वर्ष वर्ष बघावं लागत नाही. माझी मात्र चार दिवस टिकायची नाही, कारण मी ती घरी परसात बसून स्वतःच्या हातानं बिघडवत होतो. बायको म्हणायची, "पगार ह्याचाच मिळतो का हो तुम्हाला?" तर होय, ह्याचाच मिळत होता.

मी जयसिंगपूरचा कापडवाला चौगुले नव्हतो. मी बाहुबली मगदूम, गुप्तवार्ता शाखेतला फौजदार. सन दोन हजारचा मार्च महिना होता. आदल्या डिसेंबरात आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं होतं आणि तेव्हापासून आमच्या खात्यात कुणाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. अशात वरून कागद आला: अफगाणिस्तानातला एक बॉम्ब बनवणारा निर्वासित म्हणून आपल्याकडं घुसला आहे, महाराष्ट्रात दडून बसला आहे, आणि त्याच्या डाव्या हाताला करंगळी नाही.

ईदी मोहम्मदच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. विचारलं तर म्हणायचा, करवतीनं गेली. मूळचा काबूलचा, रबाब करणारा. तिकडं वाद्यं जाळायला लागले तेव्हा पळाला. दिल्लीत निर्वासिताचं कार्ड काढलं, कुणीतरी मिरजेचं नाव सांगितलं आणि दीड वर्षापूर्वी तो शब्बीर मेस्त्रींच्या दारात येऊन उभा राहिला. पंचावन्नच्या आसपासचा, हाडापेरानं मोठा, आवाज मात्र बायकांसारखा मऊ. दिल्लीचं हिंदी आणि गल्लीतलं मराठी कालवून बोलायचा. मी ते इथं सरळ करून सांगतोय.

त्या सोमवारी माझ्या अंगात नुसती वळवळ चालली होती, त्याला कारण होतं. ईदीची मुलगी मासूमा नॉर्वेत होती आणि बापाला बोलावून घ्यायचा तिचा कागद मंजूर झाला होता. शुक्रवारी सकाळी त्याची दिल्लीची गाडी, तिथून पुढं विमान. म्हणजे आमच्या हातात गुरुवार संध्याकाळपर्यंतचा वेळ. तो खरोखर बॉम्बवाला असला आणि निसटला, तर पुढं कुठंतरी माणसं मरणार होती. नसला आणि आम्ही धरला, तर त्याला काबूलला परत धाडणार होते, आणि तिथं रबाब करणाऱ्याचं काय होतं ते त्यानंच मला चहाच्या दोन घोटांमध्ये सांगितलं होतं. सहा आठवडे त्याच्यासमोर बसून माझं काही एक ठरलं नव्हतं.

शेवटी मी हुकमी प्रश्न काढला. संशयिताला आसरा मागून बघायचा, हे आमच्याकडं पहिल्या वर्षी शिकवतात. साधा निर्वासित असेल तर घाबरून हात झटकतो, धंद्यातला असेल तर हो म्हणतो. मेस्त्री पुढच्या दुकानात सतारीचा भोपळा बघायला गेले, तेवढ्यात मी आवाज खाली आणला.

"ईदीभाई, एक अडचण आहे. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. त्याच्या मागं लोक लागलेत. दोन रात्री कुठंतरी काढायच्यात त्याला. तुमच्या खोलीवर ठेवाल?"

कानस थांबली. त्यानं वर बघितलं. मला वाटलं, आता विचारेल, कोण माणूस, कसले लोक. त्यानं काही विचारलं नाही. छातीवर हात ठेवला.

"तुम्ही पाठवलात ना? मग माझ्या डोळ्यांवर. चटई एकच आहे, ती त्याला देईन."

"कोण आहे, काय केलंय, काही विचारणार नाही?"

"आसरा मागणाऱ्याला आमच्याकडं हे विचारत नाहीत. तो जाताना सांगायचं तर सांगतो."

इतका वेळ मनातून मला तो निर्दोष निघावा असं वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी मी अहवाल पाठवला: 'फरारी इसमास आश्रय देण्यास तात्काळ तयार. कारण विचारले नाही.' शब्द न् शब्द खरा होता.

मंगळवारी मी गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर तीन तास काढले. मला तो दुसरा माणूस बघायचा होता. दर मंगळवारी अकराच्या सुमाराला एकजण यायचा. पन्नाशीचा, उजव्या पायानं लंगडत, खांद्याला भजनी मंडळाची वीणा. इचलकरंजीचा आहे म्हणून सांगायचा. मी तिथली भजनी मंडळं पालथी घातली होती, त्याला कुणी ओळखत नव्हतं. यायचा, ईदीजवळ तासभर बसायचा, कुजबुजायचा, आणि जाताना मागच्या बोळानं जायचा. माझ्या प्रत्येक अहवालात तो होता. 'लंगडा इसम, बनावट ओळख, संशयिताचा मुख्य संपर्क.'

त्या दिवशीही आला. पाऊण तासानं बोळातून निघाला आणि एसटी स्टँडवर मला गुंगारा देऊन नाहीसा झाला. असा सफाईनं सटकला, की मी मनातल्या मनात म्हणालो, हा शिकलेला गडी आहे. माझं उरलंसुरलं मन तिथंच फिरलं.

बुधवारी दुपारी विश्रामगृहावर बोलावणं आलं. दिल्लीवाल्यांच्या मुंबई कचेरीतले रत्नपारखी नावाचे साहेब आले होते. आमचं खातं राज्याचं, त्यांचं केंद्राचं. एकाच गावात दोघं कामाला असलो तरी एकमेकांना पत्ता लागू द्यायचा नाही, ही आमची रीत. रत्नपारखी बोलायला सभ्य होते. त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी पंखा वाढवला.

"मगदूम, तुमचं काम चांगलं झालंय. तुमचा सोमवारचा अहवाल आणि आमच्या सूत्राचा मागच्या आठवड्याचा, दोन्ही तंतोतंत जुळतात. त्यालाही संशयित हेच म्हणाला. फरारी माणूस ठेवतो, डोळ्यांवर ठेवतो. दोन स्वतंत्र सूत्रं. दिल्लीनं मान्य केलंय. उद्या सकाळी उचलायचा."

"होय साहेब."

"फक्त त्याचा मुख्य दुवा आम्हाला अजून सापडलेला नाही. तुम्ही स्थानिक आहात, ओळखता का बघा." त्यांनी फाइल उघडून वाचायला सुरुवात केली. "दर तीन-चार दिवसांनी येतो. कापडाचं दुकान सांगतो, त्या नावाचं दुकान जयसिंगपुरात नाही. मोटारसायकलची नंबरप्लेट दोनदा बदललेली. लांबट वस्तू गुंडाळून आणतो, थोड्या वेळानं तशीच परत नेतो. आत काय असतं ते कळलेलं नाही."

असं म्हणत त्यांनी एक फोटो माझ्यासमोर सरकवला. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाची पाठ. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की मान काय जाड आहे लेकाची. मग खांद्यावरच्या त्या लांबट वस्तूची खोळ दिसली. हिरव्या चौकड्यांची. आमच्या घरातली जुनी चादर फाडून बायकोनं शिवलेली.

"साहेब," मी म्हणालो, "हा मी आहे."

ते हसले. मग हसायचे थांबले. चष्मा काढून त्यांनी फोटो जवळ धरला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"आणि लंगडणारा? वीणावाला?" मी विचारलं.

"सूत्रांबद्दल आपण बोलत नाही, मगदूम."

"म्हणजे तुमचा."

त्यांनी फाइल मिटली. मला घाम फुटला होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्हीची लाज वाटत होती.

"म्हणजे साहेब, ह्या फाइलीत एकूण तीन माणसं आहेत. त्यातली दोन सरकारी. आम्हीच त्याच्याकडं गेलो, आम्हीच त्याला विचारलं, आणि आम्हीच एकमेकांना अतिरेकी ठरवलं."

"पण करंगळी नाही, हे तर आपण मनानं लिहिलं नाही ना?"

"करवतीनं किती जणांच्या बोटांचं वाटोळं होतं, त्या गल्लीत चार घरं फिरून बघा."

रत्नपारखी उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. ह्या माणसाला मी पुढं पुष्कळ शिव्या दिल्या, पण त्यानं कागद ठेवला होता, हे मला नाकारता येत नाही.

"लिहून द्या. आत्ता. मी इथून फॅक्स करतो, उद्याची जीप थांबेल. पण सगळं लिहा. खोटं दुकान, बदललेल्या नंबरप्लेटा, फरारी माणसाची थाप. ह्यातलं काय काय वरिष्ठांना विचारून केलंत?"

काहीच नाही. सगळं डोकं माझंच. आणि मे महिन्यात माझी सहायक निरीक्षकपदाची बढती ठरलेली होती.

"तुम्ही लिहिलंत तर मलाही लिहावं लागेल," ते म्हणाले. "लिहीन मी. पण मी एकट्यानं लिहिणार नाही."

मी पेन उचललं. तारीख घातली. पंख्याखाली कागद फडफडत होता म्हणून त्यावर कोपर ठेवलं. मग म्हणालो, "साहेब, उद्या सकाळी लिहितो. शब्द नीट जुळवायला पाहिजेत."

शब्द जुळवायचे नव्हते. मला भीती वाटली. ह्यापलीकडं त्यात काही नाही, आणि इतक्या वर्षांत मी ते वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून बघितलंय, तरी ते तेवढंच राहतं.

गुरुवारी साडेनऊला जीप गल्लीच्या तोंडाशी लागली. रत्नपारखी पुढच्या सीटवर. त्यांनी एकदाच विचारलं, "आणलंत लिहून?" मी मान हलवली, नाही. ते म्हणाले, "मग जा. तुम्हाला ओळखतो तो. गाजावाजा न करता घेऊन या."

दुकानात ईदी उद्याची तयारी करत बसला होता. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, आणि जुन्या धोतरात गुंडाळलेला रबाब. मेस्त्री त्याला पेटीभोवती सुतळी बांधून देत होते. माझे हात मोकळे बघून दोघंही थांबले.

"आज सतार नाही आणली?" ईदीनं विचारलं.

"ईदीभाई, तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय. मी चौगुले नाही. मी पोलीस..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पोलीस आहात ते. पहिल्याच आठवड्यात कळलं. घोडीवर कानशीचे वळ होते, आडवे. कारागीर उभी कानस मारतो." त्यानं हातानं करून दाखवलं. "आणि तो लंगडा. तो दर मंगळवारी तार तुटली म्हणून यायचा. तुटलेल्या तारेचं टोक बारीक होतं. त्याची तार पकडीनं कापलेली असायची. हो ना, चाचा?"

"आमी म्हटलं, सरकारी मान्सं हायती, असंल काय तरी," मेस्त्री म्हणाले. "गिऱ्हाइकाला कोन सांगनार, की बाबा तू खोटा हाईस?"

मी ईदीकडं वळलो. "मग इतके दिवस बोलला का नाहीत? चहा काय पाजत बसलात?"

"कशाला बोलू? मीच तर तुम्हाला बोलावलं होतं."

मला काही कळेना. तो मला समजावून सांगायला लागला, घाई न करता, जवारी समजावून सांगायचा तसाच. जानेवारीत त्याला मिरज स्टेशनवर एक माणूस दिसला होता. काबूलमध्ये त्याचं दुकान जाळणाऱ्यांतला एक, निदान त्याला तसं वाटलं. तो घाबरला. मेस्त्रींच्या मुलीकडून त्यानं हिंदीत अर्ज लिहून घेतला आणि जिल्ह्याच्या पोलिसांच्या मोठ्या साहेबांना पोस्टानं पाठवला. मी निर्वासित आहे, माझ्या जिवाला धोका आहे, मला संरक्षण द्यावं. ओळख पटावी म्हणून डाव्या हाताला करंगळी नाही, हेही त्यात लिहिलं होतं.

"आणि पंधरा दिवसांत तुम्ही आलात," तो म्हणाला. "मग तो लंगडा आला. एका म्हाताऱ्यासाठी दोन दोन माणसं! मी मासूमाला लिहिलं, इथलं सरकार असं आहे, की रखवालदारसुद्धा माणसाला लाज वाटू नये म्हणून गिऱ्हाईक होऊन येतात."

"आणि सोमवारी मी तुम्हाला त्या माणसाचं विचारलं..."

"मला वाटलं, माझ्यासारखा आणखी कोणी जीव वाचवून आला असेल. तुम्हाला त्याच्यासाठी जागा हवी असेल. त्या लंगड्यानंही तेच विचारलं होतं. मी चटई धुऊन ठेवली होती. तो आला नाही, चांगला आहे ना?"

"चांगला आहे," मी म्हणालो.

मागच्या बोळाचं दार उघडं होतं. त्या बोळावर कुणी माणूस ठेवलेला नव्हता, हे मला माहीत होतं. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. मेस्त्रींना अजून काही उमगलं नव्हतं, ते सुतळीची गाठ मारत होते. ईदीनं पेटी उचलली, मेस्त्रींना मिठी मारली आणि पुढच्या दारानं निघाला. मी त्याचा रबाब घेतला, कारण त्याचे दोन्ही हात अडकले होते.

गल्लीच्या तोंडाशी जीप दिसल्यावर तो थबकला.

"ही गाडी माझ्यासाठी? दिल्लीपर्यंत?"

मी म्हणालो, "हो."

"रेल्वेपेक्षा बरं," तो म्हणाला, आणि मागं चढून बसला. रबाब मी वर दिला. रत्नपारखी समोरच्या भिंतीवरची सिमेंटची जाहिरात वाचत होते. जीप सुरू झाल्यावर ईदीनं मला हात केला, आणि मी त्याला केला.

त्याच दुपारी मी लिहिलं. आठ पानं, सगळं, माझ्या नावानिशी. अर्जाचाही शोध लावला. तो आमच्याच फाइलीत सगळ्यात खाली टाचलेला होता, वर पेन्सिलीनं शेरा: 'हिंदी, अनुवाद बाकी.' सहा आठवडे ती फाइल माझ्या टेबलावर होती आणि मी ती तळापासून एकदाही उलटली नव्हती. करंगळीचा कागद वरून आला, तो बहुधा ह्याच अर्जावरून कुणीतरी वर कळवल्यामुळं. माझ्या आठ पानांना चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, की संबंधित इसमाची एप्रिलमध्ये काबूलला परत पाठवणी झाली असून विषय बंद करण्यात आला आहे. मला शिक्षा झाली नाही. बढतीसुद्धा ठरल्या महिन्यात मिळाली.

ऑगस्टात मेस्त्रींनी निरोप पाठवला. गल्लीत माझ्या नावानं, म्हणजे चौगुलेंच्या नावानं पत्र आलं होतं. मासूमाचं. बापाच्या पत्रांतून तिला माझं तेवढंच नाव ठाऊक होतं. दिल्लीत शिकलेल्या मोडक्या हिंदीत तिनं लिहिलं होतं: तुम्ही माझ्या वडिलांची राखण केलीत, देव तुमचं भलं करो. ते विमानातून उतरले नाहीत. तुम्ही त्यांना आता कुठं ठेवलं आहे?

मी तिला उत्तर दिलं. खरं लिहायला बसलो आणि लिहिलं, की ते सुखरूप आहेत, सुरक्षेच्या कारणानं पत्ता सांगता येत नाही. वाटलं, तिला थोडे दिवस बरं जाईल, मग बघू. तिचं उलट टपाली उत्तर आलं. वडिलांना थंडी सोसत नाही, एक स्वेटर पाठवते, तेवढा त्यांना पोचवा. तेव्हापासून दर वर्षी एक पार्सल येतं. मेस्त्री ते माझ्या घरी आणून ठेवतात आणि एक शब्द न बोलता निघून जातात. पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, मी त्यांना सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्या घरचा चहा घेतलेला नाही.

ह्या वर्षी पार्सल आलं नाही. पत्रच आलं. तिच्याकडं आता तिकडचा पासपोर्ट आहे, त्यावर तिला इथं येता येतं. ती लिहिते, की सुरक्षेचं कारण इतकी वर्षं टिकत नाही एवढं मलाही कळतं, वडील गेले असतील तर त्यांची कबर दाखवा, आणि असतील तर तुम्हीच मला त्यांच्यापर्यंत न्या, मी दुसऱ्या कुणाला ओळखत नाही.

बायको म्हणते, मेस्त्रींना बरोबर घेऊन जा. मी नको म्हणालो. तिला जे सांगायचं आहे ते हे एवढं सगळं आहे, आणि ते आजवर मी कुणापुढं सलग बोललो नव्हतो, म्हणून आधी तुमच्यापुढं बोलून बघितलं. सोमवारी सकाळी साडेनऊला तिची गाडी येते. मी नऊलाच जाऊन फलाटावर उभा राहणार आहे.